खटला संपण्याआधीच माफी? दोन हर्झोग आणि एक जुना प्रश्न

२०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस एकाच आडनावाच्या दोन बातम्या एकापाठोपाठ आल्या. पहिली जेरुसलेमची. इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांनी राष्ट्राध्यक्ष आयझॅक हर्झोग यांच्याकडे माफीचा अर्ज केला. लाचखोरी, फसवणूक आणि विश्वासघात या आरोपांखाली त्यांच्यावर मे २०२० पासून खटला सुरू होता आणि अर्ज केला तेव्हा निकाल लागलेला नव्हता. दुसरी बातमी डब्लिनची. तिथल्या रॅथगर भागात हर्झोग पार्क नावाची बाग आहे. गाझातल्या युद्धाच्या संतापातून या बागेचं नाव काढून टाकण्याचा प्रस्ताव महापालिकेपुढे आला, दोन्ही बाजूंनी वाद पेटला आणि मतदान पुढे ढकललं गेलं.

बागेला नाव आहे हाइम हर्झोग यांचं. ते आयझॅक यांचे वडील. डब्लिनमध्ये वाढलेला मुलगा, पॅलेस्टाइनला गेलेला स्थलांतरित, ब्रिटिश आणि मग इस्रायली लष्करातला अधिकारी, वकील, राजदूत, खासदार आणि शेवटी १९८३ ते १९९३ अशी १० वर्षं इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष. नेतान्याहूंच्या अर्जाबद्दल बोलताना जो-तो ज्या जुन्या उदाहरणाकडे बोट दाखवत होता, ते उदाहरणही त्यांनीच १९८६ मध्ये घालून दिलेलं. खटला उभा राहण्याआधीच त्यांनी काही माणसांना माफ केलं होतं.

बातमी वाचणाऱ्या कुणालाही पहिला प्रश्न पडतो तो असा: शिक्षाच झाली नाही, तर माफी कशाची? प्रश्न अगदी रास्त आहे. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयातही नेमक्या याच प्रश्नावर न्यायमूर्तींचं एकमत झालं नव्हतं. त्याचं उत्तर समजायचं तर आधी अधिकार समजून घ्यावा लागतो, आणि मग तो वापरणारा माणूस.

हा अधिकार आला कुठून?

माफीचा अधिकार मूळचा राजाचा. न्याय राजाच्या नावानं दिला जायचा, म्हणून शिक्षा सोडून देण्याचा मानही त्याचाच. इंग्रजांनी जिथे जिथे राज्य केलं तिथे हा अधिकार त्यांच्या मागोमाग गेला. भारतात तो राज्यघटनेत राष्ट्रपतींकडे अनुच्छेद ७२ ने आणि राज्यपालांकडे अनुच्छेद १६१ ने आला. पॅलेस्टाइनमध्ये इंग्रजांच्या उच्चायुक्ताकडे होता, तिथून तो इस्रायलच्या राष्ट्राध्यक्षांकडे आला.

इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष आपल्या राष्ट्रपतींसारखेच. मान मोठा, रोजचा कारभार पंतप्रधानांच्या हाती. माफी मात्र त्यांच्या मोजक्या खऱ्या अधिकारांपैकी एक आहे. अर्ज आधी कायदा मंत्रालयाच्या माफी विभागात जातो, तिथून मतप्रदर्शनासह राष्ट्राध्यक्षांच्या कायदा सल्लागाराकडे, आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष सही करतात. त्या सहीखाली मंत्र्याची दुसरी सही लागते. बँकेतल्या संयुक्त खात्यासारखंच: दोन्ही सह्या असल्याशिवाय धनादेश वटत नाही.

आपल्या अनुच्छेद ७२ मध्ये 'दोषी ठरलेली व्यक्ती' असे शब्द आहेत. त्यामुळे दयेचा अर्ज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फाशीची शिक्षा झालेला कैदी येतो. खटला, अपील, सगळं संपलेलं आणि उरलेला शेवटचा दरवाजा राष्ट्रपती भवनाचा. घाई केली तर काय होतं हेही मुंबईनं पाहिलं आहे. नौदलाचे कमांडर नानावटी यांना उच्च न्यायालयानं खुनाबद्दल जन्मठेप दिली, आणि मार्च १९६० मध्ये राज्यपालांनी त्याच दिवशी ती शिक्षा स्थगित केली, सर्वोच्च न्यायालयातलं अपील निकाली निघेपर्यंत. प्रकरण आमच्यापुढे असताना राज्यपालांना असं मध्ये पडता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सुनावलं. नानावटींना माफी पुढे मिळाली, पण ती १९६४ मध्ये, सगळं रीतसर संपल्यावर.

इस्रायलच्या १९६४ च्या मूलभूत कायद्यातलं वाक्य आपल्यापेक्षा मोघम आहे. राष्ट्राध्यक्षांना 'अपराध्यांना' माफ करण्याचा अधिकार आहे, एवढंच ते सांगतं. दोषी ठरलेला असा शब्द त्यात नाही. सगळा घोळ इथून सुरू होतो.

डब्लिनचा हाइम

हाइम यांचा जन्म १९१८ चा, बेलफास्टमधला. वडील रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, मूळचे पोलंडचे. लवकरच कुटुंब डब्लिनला आलं आणि वडील आयर्लंडचे मुख्य रब्बी झाले. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या आयरिश लोकांबद्दल त्यांना उघड आपुलकी होती, आयरिश भाषा त्यांना येत होती आणि पुढे देशाचे पंतप्रधान झालेले एमॉन डी व्हॅलेरा त्यांचे स्नेही होते. स्वतःचं राज्य हवं असलेल्या एका लहान देशाची धडपड हाइमनं अशी घरबसल्या पाहिली. त्यांच्या पुढच्या आयुष्याची बरीचशी मुळं मला या घरात दिसतात.

१९३५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो पॅलेस्टाइनला गेला. धर्मशिक्षण घेतलं, हगाना या ज्यूंच्या सशस्त्र संघटनेत काम केलं. मग कायदा शिकायला लंडनला आला आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात दाखल झाला. तिथे त्याच्या नावाची पंचाईत झाली. हाइम हा उच्चार इंग्रज अधिकाऱ्यांना जमेना. हिब्रूत त्याचा अर्थ 'जीवन'. एका ज्यू शिपायानं सुचवलं की इंग्रजीत याला 'व्हिव्हियन' म्हणतात. बस, ठरलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तरी जुनी मित्रमंडळी त्यांना व्हिव्हियन म्हणूनच हाक मारत.

गुप्तवार्ता विभागातला हा तरुण अधिकारी नॉर्मंडीनंतर युरोपात लढणाऱ्या फौजांबरोबर जर्मनीत शिरला. ब्रिटिश सैन्यानं १५ एप्रिल १९४५ रोजी बेर्गन-बेल्सनची छळछावणी ताब्यात घेतली. आत सुमारे ६०,००० माणसं होती, बहुतेक भुकेनं आणि टायफसनं मरणाच्या दारात. हजारो प्रेतं उघड्यावर पडलेली. मुक्ततेनंतरही माणसं मरत राहिली. हर्झोग यांनी ती छावणी त्या दिवसांत डोळ्यांनी पाहिली. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

गणवेशाकडून सभागृहाकडे

युद्धानंतर ते परतले, १९४७ मध्ये ऑरा अंबाश यांच्याशी लग्न झालं. पुढच्या मार्चमध्ये जेरुसलेममधल्या ज्यू एजन्सीच्या इमारतीत स्फोट झाला, त्यात ऑरा जबर जखमी झाल्या. १९४८ च्या युद्धात लात्रूनच्या लढाईत हर्झोग सातव्या ब्रिगेडमध्ये होते. नंतर लष्करी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख, तेही दोनदा: १९४८ ते १९५० आणि १९५९ ते १९६२.

देशाला त्यांचा आवाज ओळखीचा झाला तो १९६७ मध्ये, रेडिओवर. युद्धाच्या तोंडावर लोक घाबरलेले असताना ते रोज शांतपणे परिस्थिती उलगडून सांगत. तेल अवीववर चालून येणाऱ्या इजिप्तच्या विमानात बसायचं की तेल अवीवमधल्या घरात, असं कुणी विचारलं तर जिवाच्या काळजीनं मी घरच निवडेन, असं ते म्हणाले आणि लोकांच्या जिवात जीव आला. युद्ध सहा दिवसांत संपलं. जॉर्डन नदीच्या जिंकलेल्या पश्चिम किनाऱ्याचे (वेस्ट बँकचे) पहिले लष्करी प्रशासक हर्झोगच झाले. त्याच दिवसांत जेरुसलेममध्ये ज्यूंना पवित्र असलेल्या पश्चिमी भिंतीसमोरची, शतकानुशतकांची मुघराबी ही मुस्लिम वस्ती रहिवाशांना हुसकावून जमीनदोस्त करण्यात आली आणि त्या निर्णयात आपला हात होता असं हर्झोग यांनी पुढे स्वतःच सांगितलं. डब्लिनच्या बागेवरचा राग नुसता आजच्या युद्धाचा नाही. पॅलेस्टिनी लोकांच्या आठवणीत हर्झोग हे नाव त्या पाडकामाशीही जोडलेलं आहे, आणि ही बाजू वगळून त्यांचं आयुष्य सांगणं मला अप्रामाणिक वाटतं.

१९७५ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांत राजदूत होते. त्या वर्षी १० नोव्हेंबरला आमसभेनं 'झायोनिझम हा वंशवाद आहे' असा ठराव ७२ विरुद्ध ३५ मतांनी मंजूर केला. झायोनिझम म्हणजे ज्यूंना त्यांच्या प्राचीन भूमीत स्वतःचं राष्ट्र असावं हा विचार. १९३८ मध्ये याच तारखेच्या रात्री जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली, जाळली गेली होती, याची हर्झोग यांनी सभागृहाला आठवण करून दिली. आमच्या लेखी हा निव्वळ कागद आहे, असं म्हणत व्यासपीठावरच त्यांनी ठरावाची प्रत फाडली. भारताचं मत ठरावाच्या बाजूनं होतं. तेव्हा इस्रायलशी आपले पूर्ण राजनैतिक संबंधही नव्हते, १९५३ पासून मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास काय तो होता. डिसेंबर १९९१ मध्ये तो ठराव मागे घेण्यात आला तेव्हा भारतानं मागे घेण्याच्या बाजूनं मत दिलं आणि दीड महिन्यातच, जानेवारी १९९२ मध्ये, दोन्ही देशांचे पूर्ण संबंध जुळले. इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष तेव्हा हर्झोगच होते.

संसदेत ते १९८१ मध्ये आले, मजूर पक्षाच्या आघाडीकडून. दोनच वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लागली. ती संसदेत गुप्त मतदानानं होते. बहुमत पंतप्रधान बेगिन यांच्या आघाडीकडे होतं, तरी त्या बाजूच्या काहींनी पाठ फिरवली आणि हर्झोग ६१ विरुद्ध ५७ मतांनी निवडून आले. पुढच्याच वर्षी त्यांनी एक धाडसी गोष्ट केली. १९८४ च्या निवडणुकीनंतर सरकार बनवण्याच्या सल्लामसलतीसाठी सगळ्या पक्षांना बोलावलं, पण अरबद्वेषावर निवडून आलेल्या मेइर कहाने यांच्या पक्षाला बोलावलं नाही. इतकी कायद्याची आणि मर्यादेची चाड असलेला माणूस १९८६ मध्ये जे करून बसला, ते म्हणूनच खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे.

बस क्रमांक ३००

१२ एप्रिल १९८४ च्या संध्याकाळी गाझा पट्टीतल्या चार पॅलेस्टिनी तरुणांनी तेल अवीवहून अश्कलोनला निघालेली ३०० क्रमांकाची बस पळवली. बसमध्ये सुमारे ४० प्रवासी. गाझात देर अल-बलाहजवळ ती अडवण्यात आली आणि पहाटे कमांडो बसमध्ये घुसले. एक प्रवासी, एक तरुण सैनिक मुलगी, मारली गेली. बाकीचे सुटले. चारही अपहरणकर्ते कारवाईत मारले गेले, असं सरकारकडून सांगण्यात आलं.

पण 'हदशोत' या दैनिकाचे छायाचित्रकार अ‍ॅलेक्स लेव्हाक तिथे होते. त्यांनी टिपलेल्या एका फोटोत दोन माणसं एका तरुणाला दोन्ही बाजूंनी धरून चालवत नेताना दिसतात. तो शुद्धीवर आहे, स्वतःच्या पायांवर चालतो आहे, कॅमेऱ्याकडे बघतो आहे. जो कारवाईत मेला असं सरकार म्हणत होतं, तो कारवाईनंतर जिवंत होता. चौघांपैकी दोघांना जिवंत पकडलं होतं आणि त्यानंतर शिन बेटच्या माणसांनी त्यांना बाजूला नेऊन मारलं होतं. शिन बेट म्हणजे इस्रायलची अंतर्गत गुप्तचर संस्था.

चौकशी समिती नेमली गेली तेव्हा खोटेपणाचा दुसरा अंक सुरू झाला. समितीत शिन बेटचा एक माणूस सदस्य म्हणून बसला, आणि आत काय चाललंय ते तो रोज आपल्या लोकांना सांगत राहिला. त्यावरून कुणी काय साक्ष द्यायची ते ठरायचं. संशय वळवण्यात आला लष्कराचे ब्रिगेडियर जनरल यित्झाक मोर्देखाय यांच्याकडे. त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली, १९८५ मध्ये ते निर्दोष सुटले. (हेही स्थलांतरितच, इराकी कुर्दिस्तानात जन्मलेले, आणि पुढे तेही राजकारणात येऊन संरक्षणमंत्री झाले.)

सत्य बाहेर आलं ते शिन बेटच्याच तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांमुळे. त्यांनी संस्थाप्रमुख अव्राहम शालोम यांच्याविरुद्ध थेट पंतप्रधान शिमोन पेरेस यांच्याकडे तक्रार नेली. दाद लागली नाही, उलट त्यांनाच संस्थेबाहेर जावं लागलं. मग ते महाधिवक्ता यित्झाक झमीर यांच्याकडे गेले. झमीर यांनी सरकारचा दबाव झुगारून पोलिसांत तक्रार दिली. थोड्याच दिवसांत झमीर यांच्या जागी नवा माणूस आला.

आणि २५ जून १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष हर्झोग यांनी शालोम आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांना माफी दिली. शालोम यांनी राजीनामा दिला. पुढे आणखी सात जणांना माफी मिळाली. एकूण अकरा. आरोपपत्र एकावरही दाखल झालं नव्हतं.

'अपराधी' कुणाला म्हणायचं?

माफीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका गेल्या. सगळा युक्तिवाद एका हिब्रू शब्दाभोवती फिरला: 'अवर्यान', अपराधी. हा शब्द 'ओलांडणे' या अर्थाच्या धातूवरून आला आहे. आपला 'उल्लंघन' शब्द बघा, त्यातही लंघन आहे, ओलांडणंच आहे. रेघ ओलांडली तो अपराधी.

मग रेघ ओलांडताक्षणी माणूस अपराधी होतो, की त्यानं ओलांडली असं न्यायालयानं म्हटल्यावर? सरन्यायाधीश मेइर शमगार आणि न्या. मिरियम बेन-पोरात यांनी पहिला अर्थ घेतला. कृत्य घडलं की अपराधी झाला, त्यामुळे खटल्याआधीही माफी देता येते. इंग्रज राजाला हा अधिकार होता आणि राष्ट्राध्यक्षांकडे तो वारशानं आला, हाही त्यांचा आधार होता. मात्र असं पाऊल फार क्वचित, अगदी अपवादात्मक परिस्थितीतच उचलावं, असं शमगार यांनी बजावलं. न्या. अहरोन बराक यांनी विरोधी निकालपत्र लिहिलं. त्यांच्या मते निकाल लागेपर्यंत माणूस निर्दोषच मानायचा असतो आणि निर्दोष माणसाला माफ कसं करणार? दोन विरुद्ध एक मतानं ६ ऑगस्ट १९८६ रोजी माफी टिकली.

कायद्याचं शिक्षण नसलेल्या माणसालाही बराक यांचं म्हणणं चटकन पटतं, कारण रोजच्या बोलण्यात आपण 'आरोपी' आणि 'गुन्हेगार' हे शब्द वेगळे ठेवतो. घाईत एखाद्या बातमीत अटक झालेल्याला गुन्हेगार म्हटलं गेलं तर आपल्याला खटकतं. खटकायलाच हवं.

पण हेरांची गुपितं उघड्यावर कशी आणणार?

हर्झोग यांचं समर्थन याच मुद्द्यावर होतं, आणि तो मुद्दा पोकळ नाही. खटला उभा राहिला असता तर आरोपींनी बचावासाठी जुन्या कारवाया, साक्षीदार, पद्धती सगळं न्यायालयात ओढलं असतं. देश दहशतवादाशी झुंजत असताना गुप्तचर संस्थाच खिळखिळी होईल, ही भीती खरी होती. स्वतः दोनदा लष्करी गुप्तवार्ता विभाग चालवलेल्या माणसाला ती इतरांपेक्षा जास्त जाणवली असणार. अव्राहम शालोमही साधी असामी नव्हते. व्हिएन्नात जन्मलेले, नाझींपासून वाचून आलेले, १९६० मध्ये ज्यूंच्या कत्तलीतला मोठा नाझी अधिकारी आइकमन याला अर्जेंटिनातून पकडून आणणाऱ्या पथकातले.

तरीही माझं मत असं की हर्झोग यांचा हेतू प्रामाणिक होता आणि निर्णय चुकला. गुपितं राखायला बंद दाराआडचा खटला हा मार्ग असतो, इस्रायलमध्ये तो वापरलाही जातो. इथे गुपितांबरोबर आणखी काहीतरी झाकलं जात होतं. शालोम यांचं म्हणणं होतं की आपण वरून मिळालेल्या परवानगीनं वागलो. १९८४ मध्ये पंतप्रधान होते यित्झाक शमीर, त्यांनी ते नाकारलं. माफीनंतरही पोलीस चौकशी चालू राहिली, वर्षअखेरीस कायदा मंत्रालयाचा अहवालही आला, पण भर न्यायालयात उलटतपासणीला कुणालाच सामोरं जावं लागलं नाही.

गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पेटीत पैसे कमी निघाले, असं समजा. हिशोब तपासायला दोघे बसलेत, तेवढ्यात अध्यक्ष म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं, वही बंद करा. ज्यानं पैसे घेतले तो सुटतो हे खरं. पण ज्यानं घेतले नाहीत, नुसती पेटी सांभाळली, त्याच्याकडेही लोक पुढची कित्येक वर्षं संशयानं बघतात. आणि वर्गणी देणाऱ्याला आपले पैसे कुठे गेले ते कधीच कळत नाही. शिक्षा सोडून देणं अध्यक्षांच्या हातात असू शकतं. वही बंद करणं मात्र त्यांच्या एकट्याचं नसतं, कारण वही सगळ्यांची आहे.

शिक्षा झाल्यावरची माफीही वादग्रस्त असू शकते, हे इथेच सांगायला हवं. १९८३ मध्ये हेब्रॉनच्या इस्लामिक कॉलेजवर हल्ला करून तीन विद्यार्थ्यांना मारणाऱ्या ज्यू दहशतवाद्यांना जन्मठेप झाली होती. हर्झोग यांनी त्यांची शिक्षा टप्प्याटप्प्यानं कमी केली आणि १९९० च्या अखेरीस, अटकेपासून सात वर्षांच्या आत, ते बाहेर आले. मला तो निर्णयही पचत नाही. पण तिथे निदान निकालपत्र आहे. कुणी, कुणाला, कसं मारलं ते न्यायालयाच्या कागदावर नोंदलेलं आहे.

मग १९८६ ची माफी नेतान्याहूंना लागू होते का?

अधिकार आहे का, एवढाच प्रश्न असेल तर त्या निकालामुळे 'आहे' असं म्हणता येतं. पण दोन प्रकरणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिन बेटच्या लोकांनी अर्जात आपलं कृत्य मान्य केलं होतं, न्यायालयानंही ते महत्त्वाचं मानलं. नेतान्याहूंच्या अर्जात कबुली नव्हती, सगळे आरोप त्यांनी पहिल्यापासून फेटाळले आहेत. शालोम यांनी खुर्ची सोडली होती. नेतान्याहूंनी खुर्ची सोडण्याची तयारी दाखवली नाही. तिकडे खटला सुरूच झाला नव्हता, इकडे पाच वर्षं चालून झाला होता, साक्षी-पुरावे नोंदले गेले होते.

नेतान्याहूंची बाजू अशी की खटल्यानं देश दुभंगला आहे, पंतप्रधानाला युद्धाच्या काळात आठवड्यातून अनेकदा साक्षीला उभं राहावं लागतं, तेव्हा देशाच्या भल्यासाठी हे थांबवा. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनीही ऑक्टोबर २०२५ मध्ये इस्रायली संसदेत उभं राहून हेच सुचवलं आणि नोव्हेंबरमध्ये तसं पत्र पाठवलं. अमेरिकेत अध्यक्ष फोर्ड यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये आधीचे अध्यक्ष निक्सन यांना आरोपपत्राआधी माफ केलं, तेव्हाही देशाच्या मनावरची जखम भरून यावी हेच कारण दिलं होतं. निक्सन यांनी मात्र त्याआधी महिनाभर पद सोडलेलं होतं.

देश दुभंगला आहे हे कुणी नाकारणार नाही. पण 'न्यायालयात उभं राहणाऱ्याचा हुद्दा जितका मोठा, तितकं देशाचं भलं खटला थांबवण्यात' असा हिशोब एकदा मान्य केला की तो कुठे थांबवायचा हे मला कुणी सांगू शकलेलं नाही.

माफीनं काय पुसलं?

बस प्रकरणातल्या माफीला नऊ महिने होऊन गेले होते तेव्हा, ६ एप्रिल १९८७ रोजी, हर्झोग पश्चिम जर्मनीच्या भेटीवर गेले. इस्रायलच्या राष्ट्राध्यक्षाची ही पहिलीच जर्मनी भेट, आणि मायदेशी तिला विरोधही खूप होता. ते थेट बेर्गन-बेल्सनला गेले. जेरुसलेमहून आणलेला एक दगड त्यांनी तिथे ठेवला. चार दशकांपूर्वी ब्रिटिश गणवेशात जिथे उभं राहिले होते, तिथेच उभं राहून ते म्हणाले की मी सोबत क्षमा आणलेली नाही आणि विसरणंही आणलेलं नाही. क्षमा करण्याचा हक्क फक्त मेलेल्यांना आहे आणि जिवंतांना विसरण्याचा हक्क नाही.

हे शब्द त्यांनी काळजातून उच्चारले होते याबद्दल मला शंका नाही. राष्ट्राध्यक्षाची माफी ही मृतांच्या वतीनं दिलेली क्षमा नसते, शिक्षेचा आपला हक्क राज्य सोडून देतं एवढाच तिचा अर्थ, हे कायदा शिकलेल्या हर्झोग यांना पक्कं ठाऊक होतं. पण विसरण्याबद्दलचं वाक्य मला बस क्रमांक ३०० पाशी नेतं. तिथे पकडलेले दोघे अपहरणकर्ते होते, निरपराध नव्हते. त्यांनी केलेल्या गुन्ह्याची शिक्षा न्यायालयानं द्यायची होती. ती संधी न्यायालयाला मिळाली नाही. त्यांना मारणाऱ्यांबाबतही मिळाली नाही.

गोष्ट तरीही दबली नाही. माफी मिळालेल्यांपैकी एहुद यातोम यांनी १९९६ मध्ये एका दैनिकाला मुलाखत दिली आणि आपण शालोम यांच्या आदेशानं दगडानं त्या दोघांची डोकी फोडली असं सांगितलं. २००१ मध्ये सरकारनं त्यांना पंतप्रधानांचे दहशतवादविरोधी सल्लागार नेमायचं ठरवलं. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं. माफीनं शिक्षेचं भय गेलं, पण केलेलं कृत्य माफीनं नाहीसं होत नाही, अशा भूमिकेतून न्यायालयानं ती नेमणूक रोखली. दोन वर्षांनी यातोम निवडून येऊन खासदार झाले.

आणि अ‍ॅलेक्स लेव्हाक? लष्करी सेन्सॉरनं तो फोटो बराच काळ छापू दिला नव्हता, चौकशीची बातमी दिली म्हणून 'हदशोत' काही दिवस बंदही ठेवलं होतं. लेव्हाक यांना २००५ मध्ये इस्रायल पुरस्कार मिळाला, राज्याचा सर्वोच्च सन्मान. तो स्वतंत्रता दिनी जेरुसलेममध्ये राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत दिला जातो.